यादीतली चौथी वस्तू

यादी मीच केली होती, आणि अगदी सुवाच्य अक्षरात केली होती. एक, लाकडी स्टूल. दोन, कोरं पांढरं कापड, बारा मीटर. तीन, सुया-दोऱ्यांचा पत्र्याचा डबा. चार, बाई.

ही चौथी म्हणजे माझी सख्खी मावशी.

आमच्या गावाच्या टोकाला फाटक आहे. त्याच्या पलीकडे दुसरा देश सुरू होतो, आणि बावीस वर्षांपासून ते माणसांना बंद आहे. वस्तू मात्र येतात-जातात. कांदे येतात, टायर जातात, आणि दोन वर्षांतून एकदा चित्रं येतात, ती माझ्यासाठी. फाटकाजवळच्या जुन्या जकात गोदामाचं कलादालन झालं आणि मी तिथे क्युरेटर म्हणून लागले. आई लोकांना सांगते, "चित्रं टांगते." सुरुवातीला मला राग यायचा. आता येत नाही, कारण दिवसातले सहा तास मी खरोखर चित्रंच टांगत असते आणि उरलेले दोन तास त्यांचे परवाने भरत असते.

आईचं माहेर पलीकडचं. ती लग्न होऊन इकडे आली, मावशी तिकडेच राहिली, आणि मग फाटक मिटलं. दोघी दर रविवारी फोनवर भांडतात. गेल्या हिवाळ्यात आईच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी जिना बंद केला. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, त्यामुळे आई वर जी बसली ती बसलीच. एका रविवारी फोन ठेवून ती म्हणाली, "आता आम्ही दोघी फोनवरच संपणार बहुतेक." ती हे चहात साखर कमी आहे असं सांगावं तशी म्हणाली. मी मात्र त्याच क्षणी ठरवलं की मावशीला आणायचंच.

पलीकडचा एक शिल्पकार या वेळच्या प्रदर्शनात होता. उंच, किडकिडीत, सतत गळ्यात मफलर. त्याची कल्पना अशी, की एका बाईने स्टुलावर बसून कोऱ्या कापडावर एकोणीस दिवस एक सरळ शिवण घालत राहायचं, आणि लोकांनी बघायचं. मी त्याला पत्र लिहिलं की शिवणारी बाई माझ्या ओळखीची आहे, तुमच्याच गावात राहते, सत्तर वर्षांची आहे आणि तिच्या हाताला तोड नाही. तो खूश झाला. नियमाप्रमाणे कलाकृतीसोबत एक माणूस येऊ शकतो. कागदोपत्री त्याला 'सोबती' म्हणतात. ती एकमेव जागा शिल्पकाराने स्वतःसाठी घेतली. मावशीसाठी जागाच उरली नाही.

तेव्हा मला ती हुशारी सुचली. सोबत्याला परवानगी नाकारता येते, त्याची चौकशी होते, त्याला महिनोन्‌महिने ताटकळवतात. कलाकृतीच्या भागाला कोण नाकारणार? मी यादीत चौथ्या ओळीवर 'बाई' लिहिलं आणि शिल्पकाराचं पत्र जोडलं की बाई हा कलाकृतीचा अविभाज्य भाग आहे. तीन आठवड्यांनी यादी शिक्क्यासह परत आली. नियमात बाई नको असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्या दिवशी मी ऑफिसात एकटीच हसत सुटले. घरी येऊन आईला म्हटलं, "पुढच्या सोमवारी मावशी आपल्या स्वयंपाकघरात बसलेली असेल, बघ."

संध्याकाळपर्यंत आईने दुसऱ्या पलंगावरची माझी पुस्तकं खाली काढली, धुतलेली चादर घातली आणि खुर्ची खिडकीपाशी ओढली.

सोमवारी ट्रक आला. मागचं दार उघडलं तर खोक्यांच्या मध्ये मावशी स्टुलावर बसलेली, मांडीवर डबा, करड्या स्वेटरच्या बाहीला चार नंबरचं लेबल. तिने मला पाहिलं आणि म्हणाली, "उतरवताना जपून गं, नाजूक माल आहे." मी तिला मिठी मारली, तर मागून जकातीचा कारकून खाकरला. वस्तू मोजून दालनात ठेवायला तोच आला होता. त्याला आम्ही सगळे मोजणीवाला म्हणतो. माणूस वाईट नाही. बारा वर्षं मोजतोय, आणि एकदाच त्याच्याकडून एक खोकं कमी भरलं होतं, त्याची धास्ती त्याने अजून सोडलेली नाही.

"हिला मी तासाभरासाठी घरी नेते," मी म्हटलं. "दोन स्टॉपवर आहे घर."

"कोणाला?"

"मावशीला."

त्याने यादीवर बोट ठेवलं. "चौथी वस्तू ना? परवान्यावरची वस्तू दालनाबाहेर नेता येत नाही मॅडम. प्रदर्शन संपेपर्यंत. तुम्हीच तर दरवेळी आम्हाला हा नियम सांगता."

खरंच सांगत होते. गेल्या वेळी एका मंत्र्याच्या बायकोला घरच्या भिंतीवर चित्र लावून बघायचं होतं, तेव्हा मीच हा नियम तिच्या तोंडावर फेकला होता, आणि वर आठवडाभर त्याची फुशारकी मारली होती.

मग मी अर्ज केले. फाटकावरच्या साहेबांना भेटले. ते भले गृहस्थ, हसले, म्हणाले, "सोबती म्हणून आल्या असत्या तर दिवसाचे आठ तास गावात कुठेही फिरल्या असत्या. पण वस्तूला फिरण्याची सोय नाही हो." यादी दुरुस्त करता येईल का? येईल, पण त्यासाठी वस्तू आधी परत जावी लागेल. दुरुस्तीसाठी बाहेर नेता येईल का? येईल, वस्तूत बिघाड झाल्याचा दाखला असेल तर, पण बिघडलेली वस्तू त्याच दिवशी परत पाठवतात. मी ज्या दारावर गेले ते दार माझ्याच सहीने बंद झालेलं होतं. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

आणि तो मफलरवाला सोबती! तो गावभर मोकळा हिंडत होता. बुधवारी घरी आले तर खिडकीपाशी ठेवलेल्या खुर्चीत तोच बसलेला, आईने केलेला चहा पीत. "तुमच्या आईंना भेटावंसं वाटलं," म्हणाला. "मावशींच्या हातात जी शांतता आहे, ती कुठून आली ते समजून घ्यायचंय." तो गेल्यावर आईने कप विसळला आणि खुर्ची पुसली.

"तो येऊ शकतो," ती म्हणाली, "आणि ती नाही."

"तू चल ना आई. खुर्चीतून उतरवू तुला. आमचे हमाल आहेत, काचेचा तुकडासुद्धा न हलवता नेतात."

"आणि तिथे काय करू?"

"भेट तिला."

"हात लावू देतील?"

परवान्यात स्पष्ट होतं. वस्तू आणि प्रेक्षक यांच्यात एक मीटर अंतर. मी स्वतः जमिनीत पितळी खांब रोवून दोरी बांधली होती.

"बावीस वर्षं आवाज ऐकतेय तिचा," आई म्हणाली. "आता दोरीच्या अलीकडे उभी राहून माझी बहीण बघू? लोकांच्यात? प्रदर्शनात ठेवलेली? मी नाही येणार. तू तिला घरी आणते म्हणाली होतीस."

तिने पलंगावरची चादर मात्र काढली नाही. रोज सकाळी ती झटकून पुन्हा घालायची, आणि मी ते बघायला नको म्हणून लवकर कामाला निघायचे.

दालनात मावशी मजेत होती, निदान तसं दाखवत होती. आतल्या छोट्या खोलीत तिची खाट होती, शेजारी न्हाणीघर. दहा वाजता ती स्टुलावर बसायची, पाच वाजता उठायची. सहाला मोजणीवाला यायचा. "स्टूल एक, कापड दोन, डबा तीन..." इतकं म्हणाला की मावशी हात वर करायची, "हजर!" तो ओशाळून हसायचा, बाहेरच्या दारावर कागदी पट्टी चिकटवायचा आणि पहारेकऱ्याला तिथे बसवून जायचा. मावशीच्या खिडकीतून आमच्या घराकडे जाणाऱ्या बसचा थांबा दिसायचा. पहिल्या दिवशी तिने विचारलं होतं, कितव्या नंबरची बस. नंतर ती येणाऱ्या-जाणाऱ्या बसचा नंबर वाचून दाखवायची, पण आईविषयी काही विचारायची नाही.

एकदा मी तिच्याजवळ खाटेवर बसून रडले. चव्वेचाळीस वर्षांची बाई, हुंदके देऊन रडले. ती म्हणाली, "तुझ्या आईने सांगितलंय का कधी, मी तिला शिवून टाकलं होतं ते?"

दोघी लहानपणी एकाच शिंप्याच्या दुकानात काम शिकल्या. मालक आईला चारला सोडायचा, मावशीचा हात चांगला म्हणून तिला थांबवून घ्यायचा. एक दिवस शेजारी शेजारी बसल्या असताना मावशीने आईच्या फ्रॉकची कड स्वतःच्या फ्रॉकच्या कडेला शिवून टाकली. चार वाजता आई उठली ती मावशीला घेऊनच. "असा बारीक बखिया घातला होता," मावशी म्हणाली, "की मालकाला उसवता उसवता सहा वाजले. मग दोघींना एकदमच सोडलं त्याने."

सतराव्या दिवशी मोजणीवाला कापडापाशी थांबला. वाकला. चष्मा काढून पुन्हा घातला.

"मॅडम, यादीत 'कोरं कापड' आहे."

"मग?"

"हे कोरं नाही."

शिवण बारा मीटरचा शेवट गाठत आली होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच काळी रेघ, इतकी सरळ की लोक पट्टी लावून बघत. वस्तू जशी आली तशीच परत गेली पाहिजे. हे क्युरेटरच्या धंद्यातलं पहिलं कलम, आणि मी 'कोरं' हा शब्द लिहिताना क्षणभरही थांबले नव्हते.

"अशीच गेली तर?"

"फाटकावर अडकेल. चौकशी होईपर्यंत चारही वस्तू जकातीच्या गोदामात."

"चारही?"

त्याने मावशीकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. "यादी एकच आहे ना."

शिल्पकाराला सांगितलं तर तो पाच मिनिटं कोसळला आणि सहाव्या मिनिटाला सावरला. "उसवणं हीसुद्धा कलाकृतीच आहे," म्हणाला. त्याला काय, त्याच्यासाठी सगळीच कलाकृती.

मावशीने कापड हातात घेऊन पाहिलं. "धावदोरा असता तर टोक धरून ओढला असता. हा बखिया आहे. प्रत्येक टाका मागे वळून घातलेला, प्रत्येक टाका वेगळा कापावा लागणार."

"त्याने नुसती रेघ मागितली होती! धावदोरा का नाही घातलास?"

"ते कच्चं काम," मावशी म्हणाली. "कच्चं काम माझ्या हातून होत नाही. पण प्रदर्शन संपल्यावर ट्रक निघायला एकच दिवस, आणि हे एकटीने एका दिवसात नाही व्हायचं. डोळे नाहीत आता."

मी रात्रीच्या जेवणाआधी परवान्याची सगळी पानं पुन्हा वाचली. नवव्या पानावर एक ओळ होती. वस्तू पूर्वस्थितीत आणण्यासाठी नोंदणीकृत कारागीर दोरीच्या आत जाऊ शकतो आणि वस्तूंना हात लावू शकतो. कारागिराचं नाव क्युरेटरने द्यायचं. मी रकान्यात आईचं नाव लिहिलं. पुढे अनुभव: छप्पन्न वर्षं.

"आई," मी म्हटलं, "भेटायला चल असं म्हणत नाहीये. काम आहे. बखिया उसवायचाय, बारा मीटर, एका दिवसात."

तिने ताटावरून मान वर केली. "कोणी घातलाय?"

"मावशीने."

"मग तुमच्या कोणाच्या बापाला उसवायचा नाही," आई म्हणाली, आणि उठून स्वतःची छोटी कात्री शोधायला लागली.

प्रदर्शन संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आमचे दोघे हमाल तिसऱ्या मजल्यावर आले. त्यांनी खुर्चीला जाड कांबळं गुंडाळलं, आईला पट्ट्यांनी बांधलं आणि पांढरे हातमोजे चढवले.

"हातमोजे कशाला? मी काय चिकट आहे?"

"नाही आजी. आमच्या हातांचे डाग पडतात."

एक पुढे, एक मागे, प्रत्येक वळणावर "डावा कोपरा, डावा कोपरा" करत त्यांनी तिला खाली आणलं. आईने डोळे मिटून घेतले होते. रस्त्यावर आल्यावर तिने ते उघडले आणि दहा महिन्यांनी पहिल्यांदा डोक्यावरचं आभाळ पाहिलं. "ऊन आहे की," म्हणाली.

दालन त्या दिवशी प्रेक्षकांना बंद होतं. मी दोरी सोडली. मावशी स्टुलावरून उठली आणि उभीच राहिली. हमालांनी खुर्ची तिच्यासमोर टेकवली. माझी कल्पना होती की आता रडारड होईल, मी रुमालसुद्धा काढून ठेवला होता. आईने मावशीचा उजवा हात ओढून घेतला, उलटा केला आणि बोटाचं टोक पाहिलं. सुईने चाळण झालेली होती.

"अजून बोटाला अंगुस्ताना घालत नाहीस."

"बोचतो तो."

"सुई बोचत नाही, अंगुस्ताना बोचतो." आईने तो हात सोडला नाही. "म्हातारी झालीस गं."

"तू काय तरणीताठी आहेस?"

मग दोघी कामाला लागल्या. कापड लांबच लांब टेबलावर पसरलं आणि दोन टोकांना दोघी बसल्या. तेच सोयीचं होतं. एक टाका कापायचा, धागा चिमटीने काढायचा, मग ओल्या अंगठ्याच्या नखाने सुईचं भोक घासून मिटवायचं. मला वाटायचं भोक पडलं की पडलं. पण आईच्या नखाखालून कापड खरोखरच कोरं होऊन निघत होतं.

"केवढा बारीक घातलायस," आई या टोकावरून ओरडली. "कोणाच्या जिवावर?"

"तू उसवायला येणार माहीत असतं," मावशी त्या टोकावरून म्हणाली, "तर आणखी बारीक घातला असता."

मी मध्ये उभी राहून घड्याळ बघत होते. आयुष्यात इतकं अडकल्यासारखं मला कधीच झालं नव्हतं. काम झालं नाही तर मावशी गोदामात. काम झालं तर मावशी पलीकडे. त्या दोघी एकेका टाक्याने एकमेकींच्या जवळ सरकत होत्या आणि मीच त्यांना "जरा भरभर, जरा भरभर" करत होते. दुपारी त्यांच्यात चार मीटर उरले, चारला एक. पाचला त्या खुर्च्या चिकटवून शेजारी शेजारी बसल्या होत्या, काम एका हाताने चाललं होतं आणि गप्पा दोन तोंडांनी. कोणाकोणाच्या मरणाच्या, कोणाच्या तरी पळून गेलेल्या सुनेच्या. आई खिदळत होती. मी तिला शेवटचं खिदळताना कधी पाहिलं होतं ते आठवेना.

पावणेसहाला शेवटचा टाका निघाला. मी कागद आणायला ऑफिसात गेले. परत आले तेव्हा मोजणीवाला पोचला होता, ट्रक दाराशी लागला होता आणि कापडाची घडी झाली होती. दोघी तशाच बसलेल्या, खाली मान घालून, शाळेत पकडलेल्या पोरींसारख्या.

"स्टूल एक. कापड दोन, कोरं, बरोबर. डबा तीन." मोजणीवाला मावशीपाशी आला. "चला मावशी."

मावशी उठली. तिच्याबरोबर आईचा हातही उठला.

मला कळायला क्षणभर वेळ लागला. मावशीच्या करड्या स्वेटरची डावी बाही आणि आईच्या निळ्या स्वेटरची उजवी बाही मनगटापासून कोपरापर्यंत एकमेकींना शिवलेली होती. काळा दोरा. कापडातून निघालेलाच असणार. कोणी शिवलं हे मी विचारलं नाही. एकीने धरलं असेल, दुसरीने सुई चालवली असेल.

मोजणीवाल्याने यादीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, वेगळ्या करा. सातला फाटक मिटतं."

"आई," मी म्हटलं, "काप ना."

आईने कात्री माझ्यापुढे धरली. "आम्ही आमचं काम केलं. यादी तू केलीस. हे तू उसव."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी गुडघ्यांवर बसले. मला शिवण येत नाही. दोन उत्तम शिंपिणींच्या घरात जन्मून मी कधी बटणसुद्धा लावलं नाही. पहिला टाका सापडायलाच वेळ लागला.

"हळू," मावशी वरून म्हणाली. "लोकर ओढू नकोस."

एकतीस टाके होते. एकेक मागे वळून घातलेला. बाविसाव्या टाक्याला माझे डोळे इतके भरले की कात्री थांबवावी लागली. मोजणीवाला भिंतीकडे तोंड करून उभा होता. मग मी पुन्हा सुरू केलं, कारण दुसरं कोणी ते करणार नव्हतं. एकतिसावा टाका सुटला आणि आईचा हात तिच्या मांडीवर पडला.

आईने सवयीने अंगठा ओला केला आणि मावशीच्या बाहीवरची भोकं नखाने मिटवायला हात पुढे केला. मावशीने हात मागे घेतला.

"ती राहू दे," म्हणाली.

मोजणीवाल्याने परतीचा कागद माझ्यासमोर ठेवला. चौथी वस्तू: बाई. शेजारी रकाना: आल्यापासून झालेला बदल. मी तिथे 'काही नाही' असं लिहिलं आणि खाली सही केली.